'स्थानिक प्रौढ' म्हणजे नक्की कोण?

यारानदी: इथल्या मराठी ज्येष्ठांसाठी लशींची माहिती मराठीत करायचं काम अंगावर आलंय आणि न्यूमोकोकलपाशी (न्यूमोकोकस या जंतूवरची लस) गाडी अडलीये. ऑस्ट्रेलियात २०२० च्या जुलैपासून ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोकांना (म्हणजे गोरे येण्याआधीपासून इथे राहणाऱ्या समाजांना) ही लस सरकारी खर्चाने पन्नाशीपासून, बाकीच्यांना सत्तरीपासून. आधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात 'स्थानिक प्रौढांना ५० पासून' असं होतं. ते वाचून ग्रुपमधले एक काका, वय छप्पन्न, म्हणे आम्ही स्थानिकच की, घर घेतलंय इथे, आणि गेले जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, फुकट लस मागायला! तर मूळ इंग्रजीतल्या 'इंडिजिनस'ला काय लिहू? आदिवासी चालेल?

वाटाणा: चालेल की. सगळ्यांना कळतं.

रानवेल: कळतं म्हणजे काय कळतं, वाटाणा? मी जव्हारकडची, वारली. आदिवासी म्हटलं की मराठी वाचकाला आम्ही दिसणार, तिकडचे लोक नाही. उद्या मी मेलबर्नला राहायला आले तर मला पन्नाशीला मिळणारे का ती लस?

यारानदी: नाही ना मिळणार ताई, तीच तर पंचाईत. इथे दवाखान्यात थेट विचारतात, तुम्ही ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर आहात का म्हणून. आणि हे दोन वेगळे समाज, एका शब्दात कोंबलेलं त्यांनाही आवडत नाही. ॲबोरिजिनी असं नाम तर हल्ली अपमानास्पदच मानतात.

शब्दवेल्हाळ: आद्यनिवासी लिहा. नेमका आणि निर्विष शब्द. आणि न्यूमोकोकल हे काय कडबोळं? फुप्फुसगोलाणू म्हणा, कॉकस म्हणजे गोलाणू हे शाळेत शिकवतात.

वाटाणा: 'फुप्फुसगोलाणूजन्य व्याधी' ऐकून माझी आजी लस न घेताच पळेल.

डॉक्टरीणबाई: शिवाय ते चुकीचंही आहे. हा जंतू फुप्फुसात थांबतो थोडाच, रक्तात शिरतो, मेंदूच्या आवरणापर्यंत जातो, आणि खरा जीवघेणा प्रकार तोच. तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये हा प्रकार इतरांपेक्षा जास्त आणि कमी वयात दिसतो म्हणून तर वीस वर्षं आधी लस. 'न्यूमोनियाची लस' पण लिहू नका, न्यूमोनिया इतर जंतूंनीही होतो, मग लस घेऊन झाला की लोक भांडायला येतात.

रानवेल: आणि आदिवासी हा शब्द काही फार पुरातन नाही बरं का. छोटानागपूरकडे १९३८ मध्ये आदिवासी महासभा झाली, त्याच्या आगेमागे तो रुळला. आमची म्हातारी माणसं अजून वारलीच म्हणतात. वनवासी म्हटलेलं मात्र आम्हाला चालत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

शब्दवेल्हाळ: मग मूलनिवासी?

वाटाणा: त्याला इकडे राजकारणाचा वास आहे, दोन मिनिटात धागा पेटेल.

पावशेर: मी मशीनला विचारलं, तर 'देशी प्रौढांची लस' आलं 😂 देशी दारूच्या दुकानात मिळत असेल. पण गंमत म्हणजे पुण्याच्या सीरमची न्यूमोसिल २०२० च्या डिसेंबरात आली तेव्हा पेपरात 'पहिली स्वदेशी न्यूमोकोकल लस' असंच होतं, म्हणजे आपल्याकडे इंडिजिनस लस असते, माणूस नाही.

डॉक्टरीणबाई: आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात ती बाळांना. मोठ्यांनी स्वतःच्या खिशातून घ्यायची.

यारानदी: बरं, मोठ्यांवरून आठवलं, प्रौढ ठीक आहे ना?

पावशेर: प्रौढ म्हणजे रात्रीच्या शाळेत जाणारे. वयस्क लिहा.

शब्दवेल्हाळ: वयस्क!! ती हिंदी. मराठीत वयस्क म्हणजे उतारवयाचा. तिथे १५ ते ४९ मधल्या जोखमीच्या लोकांचंही काही कलम असेल तर त्यांना वयस्क म्हणणार का तुम्ही? सज्ञान म्हणा.

वाटाणा: सज्ञान म्हणजे कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं. '५० किंवा जास्त वय असलेले' लिहा की सरळ, आकडा आहे तर विशेषण कशाला.

यारानदी: हे पटलं. मग तसंच 'ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी)' असं नावासकट लिहिते. पुढे २०२० च्या नियमातले डोसही आहेत, आधी या जंतूच्या तेरा प्रकारांवरची एक, वर्षभराने तेवीस प्रकारांवरची, आणि तीच पुन्हा निदान पाच वर्षांनी.

शब्दवेल्हाळ: मूळ रहिवासी म्हणजे 'मूळचे कुठले' असा अर्थ निघतो. काका म्हणतील, मूळ रहिवासी साताऱ्याचे. आद्यनिवासीच हवं. आणि डोसला मात्रा.

आजीबाईंचाबटवा: आमच्या लहानपणी लस टोचणं नव्हतंच, 'देवी काढल्या' म्हणायचे. दंडावर वण आहे अजून. लस म्हणजे जखमेतून येते ती.

डॉक्टरीणबाई: बरोबर आजी, त्यावरूनच आली असणार. पूर्वी गोस्तनदेवीच्या (गायींना होणाऱ्या देवीच्या) फोडातलीच लस टोचत. व्हॅक्सिनमध्येही गायच आहे, लॅटिन व्हाका.

पावशेर: पण यारानदी, तुम्ही वर 'लशींची' लिहिलंय. लसींची हवं ना?

शब्दवेल्हाळ: लशींचीच बरोबर. म्हैस, म्हशीची. लस, लशीची.

वाटाणा: मग बस, बशीची?

शब्दवेल्हाळ: बस परकी आहे हो! परक्या शब्दाचं सामान्यरूप तसं होत नाही.

पावशेर: गायीच्या लशीला म्हशीचा नियम, वा. सगळ्या पेपरात लसीची छापतात.

यारानदी: अहो, शुक्रवारी छापायला द्यायचंय, ते मूळ रहिवासी की आद्यनिवासी तेवढं सांगा.

आजीबाईंचाबटवा: आमच्याकडे तर लशीला 'टोचा' पण म्हणायचे. कोणी ऐकलंय का?