‘गो व्हिडिओ’च्या कॅसेटवर प्रमाणपत्राचे चिन्ह का नसावे?

सांगलीकर: माझ्या मामांची गणपती पेठेत व्हिडिओ लायब्ररी होती. लंडनच्या एका नातेवाइकाने त्यांना त्या काळी दिलेली ‘गो व्हिडिओ’ या कंपनीची भयपटाची व्हीएचएस कॅसेट परवा माळ्यावर सापडली. वेष्टनावर ब्रिटिश सेन्सॉर मंडळाचे चिन्ह नाही, म्हणून ती चोरटी प्रत असावी, असे मामा म्हणतात. ते खरे आहे का? आणि ती येथील व्हीसीआरवर चालेल का?

सातारचा संग्राहक: कंपनी खरी होती, आणि चिन्ह नसणे हा चोरटेपणाचा पुरावा नव्हे. ब्रिटनमध्ये त्या काळी घरगुती व्हिडिओला प्रमाणपत्र कायद्याने लागतच नसे. संग्राहक अशा कॅसेटला ‘प्री-सर्ट’ म्हणतात. मोठे स्टुडिओ आपले चित्रपट कॅसेटवर द्यायला कचरत होते, तेव्हा लहान वितरकांनी इटली आणि अमेरिकेतील अल्पखर्चाच्या भयपटांचे हक्क स्वस्तात घेऊन दुकानांच्या फळ्या भरल्या. ‘गो व्हिडिओ’ने १९८२ मध्ये ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ आणला. त्याच वर्षी ‘व्हिपको’ या दुसऱ्या वितरकाने ‘द ड्रिलर किलर’च्या जाहिरातीत कपाळात घुसणारे ड्रिल छापले आणि तक्रारींचा पाऊस पडला. माझ्या मते चित्रपटांपेक्षा अशा वेष्टनांनीच या कंपन्यांचा घात केला. अश्लीलतेचे खटले भरण्याजोग्या चित्रपटांच्या सरकारी अभियोक्त्यांच्या यादीत एकूण ७२ चित्रपट आले आणि त्यांपैकी ३९ चित्रपटांवरील खटले यशस्वी झाले. पुढे १९८४ च्या कायद्याने प्रमाणपत्र सक्तीचे केले. चित्रपटाच्या लांबीनुसार शुल्क भरायचे आणि वर कात्री सोसायची, हे लहान कंपन्यांना परवडेना. गंमत अशी की, युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचे राहिल्यामुळे तो कायदा लागूच करता येत नव्हता, हे २००९ मध्ये उघडकीस आले आणि २०१० मध्ये तो पुन्हा मंजूर करावा लागला.

मिरजेहून: ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांत रंगीत टीव्हीच्या चित्रसंकेताची ‘पाल’ ही एकच पद्धत होती, त्यामुळे चित्र नीट दिसायला हरकत नाही. मात्र आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत पाहावी. तिच्या कडेला पांढरट ठिपके असतील तर ती बुरशी समजावी. ती व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि नंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते.

सांगलीकर: ठिपके आहेत. २०१९ च्या महापुरात पाणी माळ्यापर्यंत आले नव्हते, पण ओल भिंतीतून वर चढली होती. फीत साफ करून घेईपर्यंत कॅसेट लावणार नाही. मामांना १९८४ च्या कायद्याचे सांगितले, तर ते म्हणाले, “मग पावती कुठे आहे?”