सगळं 'त्याच्या' मनासारखं, तर सही माझी कशाला?

शंकेखोर: वडिलांच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर मी सही केली. पेन उठेना म्हणून कोपऱ्यात दोनदा गिरगटलं. तेवढ्यात 'नकोच करूया' हेही मनात येऊन गेलं. वडील गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतो, "देवाच्या मनात होतं." धीर द्यायलाच म्हणतात, कळतं. पण हे खरं असेल तर माझं गिरगटणंही त्याचंच? आणि खोटं असेल तर सगळा भार माझ्या सहीवर.

निमित्तमात्र: गीता १८.६१ वाचा. ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. कर्तेपण सोडा, भार उतरेल.

आडमुठा: आणखी दोनच श्लोक वाचले असतेत तर! १८.६३: 'यथेच्छसि तथा कुरु'. एवढं सगळं समजावून शेवटी 'तुला हवं ते कर'. बाहुलीची समजूत घालत बसतं का कोणी?

पायरीवरचा: शंकराचार्यांचा ब्रह्मसूत्रभाष्यातला दृष्टान्त मला जवळचा वाटतो. पाऊस सगळीकडे सारखाच, पण भात उगवायचा की जव, हे बियाण्यावर. देव पावसासारखा, बी आपल्या कर्माचं.

आडमुठा: आणि ते बी कुठून आलं? मागच्या कर्मातून. ते त्याच्या मागच्या. शेवटी उत्तर काय, तर संसार अनादि! याला मी तारीख पे तारीख म्हणतो.

पायरीवरचा: बरं, दुसरी बाजू. बोएथियस हा रोमन विचारवंत इ.स. ५२४च्या सुमारास मारला गेला. त्याआधी कैदेत त्याने हाच प्रश्न घेतला होता. देव काळाच्या बाहेर आहे, त्याला सगळं 'आत्ता'च दिसतं. तुम्ही चालताय हे मला दिसतं, म्हणून मी तुम्हाला चालवत नाही. जाणणं वेगळं, करवणं वेगळं.

निमित्तमात्र: नुसता बघणारा देव मला नको. सांभाळत नसेल तर हात कुणापुढे जोडायचे?

शंकेखोर: जाणणं-करवणं वेगळं, हे पटतंय. पण मग तो बघत होता, हे जास्त लागतं. निमित्तमात्र, तुमचं उत्तर मला हलकं करतं, म्हणूनच त्याचा संशय येतो. त्या दिवशी निवड करताना माझा हात थरथरत होता, तो बाहुलीचा नव्हता एवढं मी सांगू शकतो. संमतिपत्राची झेरॉक्स फाइलीत आहे. गिरगटलेलं तिच्यातही उमटलंय.