डाळिंब रसासाठी पल्स चेंबर: व्होल्टेज खाली बसतं आणि ठिणगी पडते

अनारदाणा:
ताशी २० लिटर डाळिंब रस उष्णतेशिवाय, हाय व्होल्टेजच्या छोट्या पल्सनी जंतू मारून पाश्चराइझ करायचा आहे. टेफ्लॉनचं चेंबर, मधलं इलेक्ट्रोड हाय व्होल्टेजला, दोन्ही टोकांची अर्थला. रस जाण्याचं भोक ४ मिमी, इलेक्ट्रोडमधला प्रत्येक गॅप ४ मिमी. रसाची वाहकता ०.४ सीमेन्स प्रति मीटर. सप्लाय १० केव्ही (किलोव्होल्ट), २०० वॅट. पल्स ३ मायक्रोसेकंदांचा. पल्सचा वेग वाढवला की व्होल्टेज खाली बसतं, मधूनच ठिणगी पडते, सिरीजमधले दोन आयजीबीटी (पल्स चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर स्विच) उडाले. चुकतंय कुठे?

ओहममीटर:
व्होल्टेज बरोबर आहे, २५ केव्ही प्रति सेमी मिळतं. कमी पडतेय ती पॉवर. एका गॅपचा रोध सुमारे ८०० ओहम, दोन समांतर म्हणजे ४००. करंट २५ अँपिअर, एका पल्सची ऊर्जा ०.७५ ज्यूल. लिटरमागे १०० किलोज्यूल धरले तर सेकंदाला साधारण ७५० पल्स, म्हणजे ५६० वॅट लागतात. तुमच्या २०० वॅटमध्ये जेमतेम २६५ बसतात. त्यात रस २५ अंशांनी तापतो आणि वाहकता अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून सप्लाय १ किलोवॅटचा घ्या आणि स्विच ५० अँपिअरचा धरा. रस १५ अंशांच्या आसपास आत सोडा.

सिरीज स्विचमध्ये एक जरी उशिरा चालू झाला तरी सगळं व्होल्टेज त्याच्याच डोक्यावर येतं. मार्क्स जोडणी करा, म्हणजे कपॅसिटर समांतर भरायचे आणि पल्सच्या वेळी सिरीजमध्ये जोडायचे: ८५० व्होल्टचे १२ टप्पे, प्रत्येकी २ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर आणि १२०० व्होल्टचा स्विच. प्रत्येक स्विचला फक्त आपल्याच कपॅसिटरचं व्होल्टेज झेलावं लागतं.

गाळणी:
ठिणगीचं कारण बहुतेक बुडबुडा. हवा ३० केव्ही प्रति सेमीला फुटते आणि बुडबुड्याच्या आत क्षेत्र रसापेक्षा जास्त असतं. रस आधी व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढा, चेंबरनंतर व्हॉल्व्ह आवळून २ बार दाब ठेवा, रस खालून वर न्या. इलेक्ट्रोडच्या कडा गोल करून पॉलिश करा. टेफ्लॉनवर एकदा काळी रेघ उठली की तो तुकडा फेकायचाच, पुढची ठिणगी त्याच वाटेने जाते.

दोन्ही गॅपमध्ये मिळून रस असतो दोन थेंब. पंप अडला आणि पल्स चालू राहिले तर तो सेकंदाच्या दहाव्या भागाआत उकळतो. फ्लो स्विच एवढा चपळ नसतो, त्यामुळे ६० अँपिअरला तात्काळ तोडणारा करंट ट्रिप हवाच.

ओहममीटर:
एक राहिलं. भरलेल्या सगळ्या कपॅसिटरमध्ये मिळून सुमारे ८.५ ज्यूल असतात, जीव जाऊ शकतो. प्रत्येक कपॅसिटरवर ४७० किलोओमचे दोन रोध सिरीजमध्ये कायमचे जोडा. पेटीचं दार उघडताच सप्लाय तुटला पाहिजे. दहा सेकंद थांबा, मग कपॅसिटरना अर्थिंगचा दांडा (अर्थला जोडलेला दांडा) लावा, आणि हात आत असेपर्यंत तो तिथेच राहू द्या.

अनारदाणा:
सप्लाय बदलतो. रसाला किंचित धातूची चव येते, तीही ठिणगीमुळेच?

गाळणी:
ठिणगीने भर पडते, पण एकाच दिशेच्या पल्समध्ये धन बाजूचं स्टील झिजून रसात उतरतं. टायटॅनियम वापरा, जमल्यास दोन्ही दिशांचे पल्स द्या. चाचणी घेताना तोच रस पल्सशिवाय, बाहेर पडतानाच्या तापमानाला नेऊन एकदा तपासा. नाहीतर यीस्ट विजेने मेली की उष्णतेने, कळणार नाही. बीजाणू यात मरत नाहीत. डाळिंबाचा रस आंबट म्हणून ते वाढत नाहीत इतकंच, तेव्हा बाटल्या ४ अंशांतच ठेवा.