सरसकट सफाई नको

म्हाताऱ्या पेशी, म्हणजे विभाजन थांबलेल्या पण न मरता शरीरात साचत जाणाऱ्या पेशी, 'दिसल्या की मारा' असं काही जण म्हणतात. ते मला जरा घाईचं वाटतं. २०१४ मध्ये उंदरांवर दिसलं, की जखम झाल्यावर तिथे अशा पेशी थोड्या दिवसांसाठी जमतात आणि एक वाढ-घटक (पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) सोडून जखम भरायला मदत करतात. त्या काढून टाकल्या तर जखम भरायला उशीर लागतो. म्हणजे सगळ्याच पेशी खलनायक नाहीत.

अशा पेशी मारायला वापरतात ती डासाटिनिब (मूळचं रक्ताच्या कर्करोगाचं औषध) आणि क्वेर्सेटिन (वनस्पतींमधला एक घटक) ही जोडीही रोज देत नाहीत, कारण या पेशी पुन्हा साचायला वेळ लागतो. २०१९ च्या फुप्फुसाच्या आजारावरच्या चाचणीत आठवड्यातून तीनच दिवस, असे तीन आठवडे दिली. रुग्णांचं चालणं सुधारलं खरं, पण रुग्ण अवघे १४ आणि तुलनेला प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणारा गट नाही! २०२० मध्ये युनिटी बायोटेक्नॉलॉजी या कंपनीचं, म्हाताऱ्या पेशी मारण्यासाठी गुडघ्यात द्यायचं इंजेक्शन प्लासिबोसमोर टिकलंच नाही. नाविटोक्लॅक्स या अशाच दुसऱ्या औषधाने तर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात.

मला जास्त आशा वाटते ती पेशीवरची खूण ओळखून मारणाऱ्या कार-टी पेशींकडून (प्रयोगशाळेत बदल केलेल्या रोगप्रतिकारक पेशी). २०२० मध्ये म्हाताऱ्या पेशींवरचं यूपार हे प्रथिन हेरून उंदरांच्या यकृतातला फायब्रोसिस (व्रणासारखी कडक होत जाणारी ऊती) कमी करता आला. अर्थात, उंदीरच ते.