१९६६ च्या शेवरोले सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक: मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह कसे निवडावेत?

प्रश्न

नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि माझ्याकडे १९६६ सालची अर्ध्या टनाची शेवरोले सी-१० पिकअप आहे. इंजिन सरळ सहा सिलिंडरचे आहे, प्रत्येक चाकाला सहा नट आहेत आणि चारही चाकांना मूळचे ड्रम ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) एकाच कप्प्याचा असल्यामुळे कुठेही एक पाइप फुटला, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातील, ही काळजी मला सतत असते. शिवाय पाण्यातून गाडी काढली की पुढचे ड्रम भिजतात आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. माझी मुलगी आता हीच गाडी चालवायला शिकणार असल्याने पुढे डिस्क ब्रेक बसवायचे ठरवले आहे. १९७१-७२ च्या सी-१० चे जुने भाग मिळवावेत की सहा नटांचा तयार संच घ्यावा? बूस्टर (इंजिनाच्या निर्वात ओढीने पायाच्या जोराला मदत करणारा भाग) आवश्यक आहे का? मास्टर सिलिंडरसोबत आणखी काय बदलावे लागेल? मागचे ड्रम तसेच ठेवण्याचा विचार आहे.

उत्तर १

आपला निर्णय योग्य आहे. १९७१ पासून सी-१० ला पुढचे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच येऊ लागले आणि त्या गाड्यांचा पुढचा संपूर्ण सांगाडा, म्हणजे क्रॉसमेंबर (आडवी तुळई), कंट्रोल आर्म (चाक धरणारे हात) आणि स्पिंडल (चाकाचा आस) यांसह, १९६३ नंतरच्या चौकटीवर बसवता येतो. त्यामुळे अनेक जण तो मार्ग घेतात. परंतु त्याच वर्षी अर्ध्या टनाच्या गाडीची चाके सहा नटांऐवजी पाच नटांची झाली. पुढे पाच आणि मागे सहा नट झाले, तर एक सुटे चाक दोन्हीकडे चालणार नाही आणि मग मागचा अ‍ॅक्सलही बदलावासा वाटेल. आपल्याला मागचे सर्व मूळचे ठेवायचे आहे, म्हणून सहा छिद्रांच्या डिस्कचा संच हाच सरळ मार्ग मला वाटतो.

संच घेण्यापूर्वी दोन गोष्टी विक्रेत्याला विचाराव्यात. पहिली, चाक प्रत्येक बाजूला किती बाहेर येते, कारण काही संचांमध्ये ते मडगार्डच्या कडेपर्यंत पोहोचते. दुसरी, मूळचे १५ इंची लोखंडी चाक कॅलिपरला (पॅडने डिस्क दाबून धरणाऱ्या पकडीला) घासते का. याची खात्री चाक बसवून, हाताने पूर्ण फिरवूनच करावी.

जुने ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. त्या काळातल्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, म्हणून धूळ ओली करूनच पुसून घ्यावी.

उत्तर २

डिस्क आणि कॅलिपर बसवणे हे या कामातले सोपे अंग आहे. गाडी नीट थांबते की नाही हे तेलाच्या दाबाच्या व्यवस्थेवर ठरते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

ड्रममधले शू (ड्रमला आतून घासणारे वाकलेले तुकडे) फिरत्या ड्रमबरोबर ओढले जाऊन स्वतःच अधिक घट्ट बसतात, तर डिस्कच्या पॅडला अशी मदत मिळत नाही आणि त्याला बराच जास्त दाब लागतो. दोन कप्प्यांचा, पुढे डिस्क व मागे ड्रम यांसाठीच बनवलेला मास्टर सिलिंडर घ्यावा. त्यातला मोठा कप्पा पुढच्या डिस्कसाठी असतो, कारण पॅड झिजत जातात तसे कॅलिपरमध्ये अधिक तेल उतरते. शेवरोलेने १९६७ पासून दोन कप्प्यांचा सिलिंडर दिला खरा, पण तो चारही ड्रमसाठी होता, त्यामुळे तो तसाच उचलून लावू नये. ड्रमच्या वाटेवर सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो. तोच दाब डिस्कच्या वाटेवर राहिला तर पॅड सुटत नाहीत, ब्रेक धरून राहतो आणि डिस्क तापते.

सिलिंडरचा व्यासही महत्त्वाचा आहे. १ इंचाऐवजी १ १/८ इंचाचा घेतला, तर पायाच्या त्याच जोरावर दाब सुमारे एक पंचमांशाने कमी मिळतो, मात्र तेल जास्त ढकलले जाते. बूस्टर नसेल तर १ इंचाचाच घ्यावा. तसेच बूस्टरशिवायच्या सिलिंडरच्या पिस्टनला खोल खळगा असावा, म्हणजे पेडलची दांडी निसटत नाही. दांडी आणि पिस्टन यांच्यात थोडी मोकळीक ठेवणे अत्यावश्यक आहे. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परतण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि काही मैलांत ब्रेक आपोआप घट्ट होत जातात.

आता मागच्या चाकांविषयी. रिकाम्या हौद्याच्या पिकअपचे वजन पुढेच असते, आणि ब्रेक लागताच ते आणखी पुढे सरकते. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी गिरकी घेते. म्हणून मागच्या पाइपवर दाबाचे प्रमाण कमी करणारा व्हॉल्व्ह हवाच, आणि तो हाताने कमीजास्त करता येणारा असल्यास आपल्या गाडीला अधिक उपयोगी पडेल. संचातल्या एकत्रित (अनेक कामे एकाच भागात करणाऱ्या) व्हॉल्व्हमध्ये ही सोय आधीच असेल, तर दुसरा त्याच्यामागे जोडू नये.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. सहा नटांचा संच घेण्याचे नक्की करतो. बूस्टरविषयी मात्र अजून संभ्रम आहे, कारण मुलीच्या पायाचा जोर माझ्याइतका नाही.

उत्तर २

मग बूस्टर लावावा. आपले इंजिन मूळ स्वरूपात असेल तर त्याची निर्वात ओढ स्थिर आणि पुरेशी असते. पेडलचे गुणोत्तर (पेडल पायाचा जोर किती पट करून पुढे देते ते) तेवढे तपासावे: बूस्टर नसताना ते ६ च्या आसपास लागते, बूस्टरसोबत ४ च्या आसपास पुरते. ते न जुळवता बूस्टर बसवला, तर पायाला अंदाज येण्याआधीच चाके जाम होतात, आणि शिकणाऱ्या चालकासाठी ते धोक्याचे आहे.

उत्तर ३

जोडणीसंबंधी थोडी भर घालतो. ब्रेकच्या लोखंडी पाइपची टोके दुहेरी दुमडलेलीच असावीत. दाबून बसवणारे नळकामाचे जोड येथे कधीही वापरू नयेत. कॅलिपर बसवल्यावर हवा काढण्याचा स्क्रू सर्वांत वर आला आहे का ते पाहावे. तो खाली आला असेल, तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला आहे आणि कितीही पंप केले तरी हवा निघणार नाही. मास्टर सिलिंडरमधली हवा गाडीवर चढवण्यापूर्वी कामाच्या बाकावरच काढावी. पेडल तरीही खाली जात असेल, तर मागचे शू ड्रमजवळ घेतले आहेत का ते आधी तपासावे. बहुतेक वेळा कारण तेच असते.

चाचणी मोकळ्या, कोरड्या, सपाट जागेत आणि रिकाम्या हौद्याने करावी. प्रथम ताशी ३० मैलांवरून हळूहळू वेग कमी करत, मध्ये थंड होऊ देत नवे पॅड डिस्कवर नीट घासून बसू द्यावेत. त्यानंतर जोरात ब्रेक दाबून पुढची चाके मागच्यांच्या आधी जाम होईपर्यंत मागचा दाब घटवत यावा. गाडी रस्त्यावर नेण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून आणि पुढचा भाग जॅकवर उचलून रबरी नळ्या ताणल्या जात नाहीत किंवा चाकाला घासत नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.