आउटबोर्ड मोटरचं ऑइल न सांडता कसं बदलायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझी मोटर बोटीच्या मागे बाहेरून लावायची, फोर-स्ट्रोक, १५ हॉर्सपॉवरची. दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा ऑइल बदला असं पुस्तिकेत आहे, ते इमानेइतबारे करतो. पण दरवेळी इतका राडा होतो की पुढचे चार दिवस हाताचा वास जात नाही.

मोटारगाडीत बरं असतं, बोल्ट तळाशी, धार सरळ भांड्यात. इथे बोल्ट मोटरच्या पायाच्या (पाण्यात उतरणाऱ्या खालच्या भागाच्या) बाजूला. तो निघाला की पहिली धार हातभर लांब उडते, म्हणून भांडं लांब धरायचं. तेवढ्यात जोर ओसरतो आणि ऑइल पायाला चिकटून ओघळायला लागतं. बोट ढकलणाऱ्या पंख्यावरच्या आडव्या प्लेटवर येऊन पसरतं आणि तिच्या तिन्ही कडांवरून ठिबकतं. मागच्या वेळी भांड्यात गेलं त्याहून जास्त जमिनीवर होतं.

फिल्टर तर आडवाच बसवलाय. अर्धा आटा सैल केला की कपभर ऑइल थेट मोटरच्या आतल्या ट्रेमध्ये. (हे डिझाइन करणाऱ्याने स्वतः कधी फिल्टर बदलला असेल का?)

डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) भोकातून नळी घालून ओढणारा पंप घ्यावा का? की आणखी काही युक्ती आहे?

प्रतिसाद १
पंप घ्या, विषय संपला. आधी मोटर पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, गार ऑइल बारीक नळीतून चढत नाही. आणि चालवताना पाण्याचा पाइप जोडलेला हवा किंवा पाय पिंपात बुडालेला हवा. कोरडी चालवलीत तर इम्पेलरची (मोटर गार ठेवायला पाणी ओढणाऱ्या चक्राची) रबरी पाती जळतील.

प्रतिसाद २
पंप वाईट नाही, पण काही मोटरींमध्ये नळी पार तळाला पोचत नाही आणि खालचा गाळ तिथेच राहतो. मी बोल्टवालाच.

प्लास्टिकची बाटली उभी कापा, पन्हळ तयार होते. भोकाच्या खालची जागा चिंधीने कोरडी पुसा, नाहीतर टेप धरणार नाही. पन्हळीचं वरचं टोक पायाला घट्ट चिकटवा, खालचं प्लेटच्या बाहेर, भांड्यावर. मोटर अशी वळवा की भोक तुमच्याकडे येईल. आता खरी गंमत: वरचं ऑइल भरायचं झाकण बंदच ठेवून बोल्ट काढा. आत हवा शिरत नाही, त्यामुळे धार उडत नाही, गुडगुड करत येते. पन्हळ नीट बसली आहे असं दिसलं की मग झाकण उघडा.

फिल्टरला हात लावायच्या आधी जाड प्लास्टिकची पिशवी त्याच्यावर चढवा आणि पिशवीवरूनच फिरवा. फिल्टर, ऑइल, सगळं पिशवीत. जुनी रबरी रिंग फिल्टरसोबत आली का ते बघा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि वर नवीन बसवलीत, तर पहिल्याच फेरीत सगळं ऑइल बाहेर.

धागाकर्ता
मोटर काढून आडवी ठेवली आणि एका बाजूने ओतून टाकलं तर?

प्रतिसाद २
नको. चुकीच्या कुशीवर ठेवलीत तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. आणि हे सगळं बोट पाण्यात असताना करू नका, एक चमचा सांडला तरी केवढा तवंग पसरतो.

धागाकर्ता (अपडेट)
पन्हळ जमली! जमिनीवर मोजून तीन थेंब. पिशवीला फिल्टरच्या कडेने भोक पडलं, पुढच्या वेळी दोन घालेन. बोल्टचा वॉशर नवीन टाकला, मोटर सरळ उभी ठेवून डिपस्टिक पाहिली, खुणेच्या आतच आहे.

हुरूप आला म्हणून पायाच्या तळाशी असलेल्या गिअरचं वेगळं ऑइलही काढायला घेतलं, तर ते दुधाळ, राखाडी निघालं. हे काय आता?

प्रतिसाद १
पाणी शिरलंय. आधी पंखा काढून शाफ्ट (पंख्याचा दांडा) बघा, मग सीलचं (त्याच्याभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याचं) बोलू. आणि नवीन गिअर ऑइल भरताना खालच्या भोकातून नळीने वर चढवा, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, त्यानंतरच खालची नळी काढा. उलट केलंत तर पुन्हा राडा.

धागाकर्ता
पंखा काढला. मागे शाफ्टभोवती गळाची तंगूस गुंडाळलेली, सीलमध्ये रुतून बसलेली. तीन हात निघाली. सील मागवतोय, तोपर्यंत बोट किनाऱ्यावरच.