२ टीबीची एक्सटर्नल डिस्क: एनटीएफएस की एक्सफॅट? आणि बॅकअप कसा ठेवता?

प्रश्न
नमस्कार मंडळी, नवीन २ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क घेतलीये, माझ्या विंडोज लॅपटॉपला आणि बहिणीच्या मॅकबुकला दोन्हीकडे वापरायचीये. मॅकला लावली की फाइल उघडतात पण नवीन काही टाकताच येत नाही. जुनी डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, तिच्यात भाचीच्या डान्सचा ६ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलो तर अर्धी डिस्क रिकामी असूनही फाइल मोठी आहे म्हणाली. आता नवीन फॉरमॅट करायला घेतली तर फाइल ठेवायची पद्धत एनटीएफएस की एक्सफॅट ते विचारतंय, काय निवडू? नंतर लॅपटॉपमधले सगळे फोटो तिच्यावर हलवून लॅपटॉप मोकळा करायचा विचार आहे, म्हणजे बॅकअपही होऊन जाईल. आणि २ टीबी सांगून १.८१ च दाखवतंय, खराब निघाली का?

प्रतिसाद १
खराब नाहीये. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, मॅकला लावा, पूर्ण २ दिसेल.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही. एनटीएफएस मॅक नुसतं वाचतं, लिहीत नाही. दोन्हीकडे चालवायची तर एक्सफॅट करा, पण त्यात जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) नाही, म्हणजे कॉपी चालू असताना केबल निघाली तर अख्खा फोल्डर बिघडू शकतो, त्यामुळे दरवेळी इजेक्ट करूनच काढायची, घाई असली तरी. डिस्क नवीन आहे तर एकदा क्विक फॉरमॅटची टिक काढून फुल करा, वेळ लागतो, पण सगळी डिस्क तपासून होते. आणि फॉरमॅटच्या आधी बाकीचे पेनड्राइव्ह, डिस्क सगळं काढून ठेवा. ई आणि एफ ड्राइव्हमध्ये गल्लत व्हायला एक सेकंद पुरतो.

प्रतिसाद २
"हलवून" वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. हलवलं तर बॅकअप कुठे राहिला, प्रत एकच राहिली, फक्त जागा बदलली!! मी हेच केलं होतं. सात वर्षांचे फोटो एका डिस्कवर टाकले, लॅपटॉपमधले डिलीट केले, आणि एक दिवस चालू डिस्क टेबलावरून खाली पडली. लावली की टिक टिक आवाज यायचा, मी वेड्यासारखी परत परत लावून बघत राहिले, तेच करायला नको होतं, त्याने अजून खराब होते. रिकव्हरीवाल्याने जे काढून दिलं त्यात निम्मे फोटो अर्धे करडे, फाइलची नावं गायब, आणि बाबांच्या आवाजाचा एकच व्हिडिओ होता तो उघडतच नाही. आता तीन प्रती ठेवते, लॅपटॉपवर, डिस्कवर आणि एक क्लाउडवर. कृपा करून दुसरी प्रत झाल्याशिवाय काहीही डिलीट करू नका.

प्रतिसाद ३
वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. फक्त क्लाउडला नुसतं सिंक असेल तर इथे डिलीट केलेलं तिकडूनही जातं, त्यामुळे तिथे ट्रॅश किती दिवस राहतो ते एकदा बघून घ्या. मॅकच्या टाइम मशीनला (त्याचा बॅकअपचा प्रोग्रॅम) एक्सफॅट चालत नाही, तो डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करून मागतो आणि तेव्हा त्यावरचं सगळं जातं, तर बहिणीला बॅकअपसाठी वेगळी डिस्कच घेऊ द्या. विंडोजला फाइल हिस्टरी (तिथली बॅकअपची सोय) चालू करा. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर (फाइल लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर लावलेली डिस्कही लॉक होते. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी जुनी फाइल खरंच उघडून बघा, उघडली तर बॅकअप आहे म्हणायचं.

प्रश्नकर्ता
ताई, तुमचं वाचून हात थांबला, खरंच डिलीट करणार होतो. फोटो लॅपटॉपवरच ठेवतोय, जागेसाठी नको असलेले प्रोग्रॅम काढतो. बहिणीसाठी दुसरी डिस्क घेऊ. एक्सफॅटचं फुल फॉरमॅट लावलंय, दोन तास झाले, ३१ टक्क्यांवर आहे.

प्रतिसाद १
चालू द्या, एवढा वेळ लागतोच. फक्त चार्जर लावून ठेवा आणि लॅपटॉप स्लीपला जाऊ देऊ नका.